आर्केड बोर्डाचे आयसी कुठून आणावेत: गोलाणी, लॅमिंग्टन रोड, ऑनलाइन की भंगार?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलचा चार्जिंग आयसी मागा, चार दुकानदार हाक मारतील. तिथंच १९८७ सालच्या गेम बोर्डासाठी ७४एलएस२४५ हा लॉजिकचा आयसी मागा, काउंटरवरचा मुलगा विचारेल, "कोणत्या मॉडेलचा, भाऊ?" खान्देशात आर्केड बोर्ड (नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेम मशीनचा सर्किट बोर्ड) दुरुस्त करताना हात सोल्डरिंगमुळे अडत नाही, मालामुळे अडतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला परवडतील अशा चार वाटा इथं पारखल्या आहेत. एकाच वाटेने बोर्ड पूर्ण होत नाही. लॉजिकचे आयसी नवे घ्यावेत, मेमरी भंगारातून काढावी, साउंडचा आयसी काढीव (जुन्या बोर्डावरून उतरवलेला) चालतो पण तपासून, आणि कंपनीचा खास आयसी गेला असेल तर दुकानं पालथी घालण्यापेक्षा त्याच गेमचा दुसरा मेलेला बोर्ड शोधावा.

पण पैसे मोजण्याआधी व्होल्टेज मोजा. जम्मा कनेक्टरवर (बोर्ड मशीनला जोडायच्या ठरावीक पट्टीवर) ३ आणि ४ नंबरला (आणि मागच्या बाजूच्या त्यांच्या जोडीदार पट्ट्यांवर) ५ व्होल्ट येतात, ६ नंबरला १२ व्होल्ट, आणि १, २, २७, २८ ग्राउंड. मीटर कनेक्टरवर लावून समाधान मानू नका. सप्लायपासून सगळ्यात लांब असलेल्या आयसीच्या पायांवर लावा. तिथं ४.८ च्या खाली दिसलं तर बोर्ड अर्धवट चालू होतो, पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि सगळी लक्षणं रॅम गेल्यासारखी दिसतात. यात्रेत जनरेटरवर आणि काळ्या पडलेल्या हार्नेसवर (वायरिंगच्या जुडग्यावर) चाललेल्या मशीनचा निम्मा आजार इथंच सापडतो. कनेक्टरच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने घासा, एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) पॉट, म्हणजे व्होल्टेजची खुंटी, फिरवून बोर्डावर ५.०० ते ५.०५ आणा, आणि मगच कुठला आयसी मेला ते ठरवा.

आता गावातलं काउंटर. जळगाव-धुळ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांचं गिऱ्हाईक म्हणजे एकतर टीव्ही-अँप्लिफायरवाले मेकॅनिक, नाहीतर पॉलिटेक्निकची मुलं. त्यामुळे प्रॅक्टिकलला लागणारे आयसी हमखास मिळतात: ७४००, ७४०४, ७४०८, ७४३२, ७४७४, शिवाय ५५५ आणि एलएम३२४. गेम बोर्डाला जे खरे लागतात, म्हणजे २४५, २४४, ३७३, ३७४, २७३, १५७, १६१, १७४, २८३, त्यातला एखादाच असतो. साउंड अँप्लिफायरचा टीडीए२००३ मात्र डबीतून लगेच निघतो, कारण टेपरेकॉर्डरच्या जमान्यापासून तो इथं खपतो. कपॅसिटर, सोल्डर, पंप, विक (कथील शोषणारी तांब्याची वेणी) आणि आयसी बेस यासाठी मुंबईला जायचं कारण नाही. बेस घेताना एवढंच बघा की १४ ते २० पायांचे अरुंद मिळतात, पण २४ आणि २८ पायांचे अरुंद आणि रुंद दोन्ही येतात. ईप्रॉमला (गेमचा प्रोग्राम साठवणाऱ्या आयसीला) रुंद लागतो. गोल मशीन-पिनचा बेस दोन पैसे महाग असतो, पण पत्र्याच्या स्वस्त बेसचे दात धुळीत आणि उन्हाळ्यात सैल पडतात आणि मग वर्षभराने तीच तक्रार परत येते.

गावातल्या काउंटरच्या दोन गोष्टी खटकतात. पहिली थर्माकोल. आयसी पांढऱ्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचून देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. थर्माकोल घासला की स्टॅटिक तयार होते. टीटीएल (७४एलएससारखा लॉजिक आयसी) ते सहन करतो, पण रॅम, ईप्रॉम, सीपीयू आणि यामाहाचे साउंड आयसी करत नाहीत. दुकानात जाताना ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा खिशात ठेवा, आयसी थर्माकोलमधून काढून त्यात गुंडाळा, सगळे पाय एकमेकांना चिकटले की धोका टळला. दुसरी गोष्ट म्हणजे "तोच आहे भाऊ, फक्त मधलं अक्षर वेगळं." मधल्या अक्षराला महत्त्व आहे. ७४एलएस असं लिहिलेला आयसी आपलं 'हाय' (म्हणजे '१' चा सिग्नल) किमान २.७ व्होल्टला देतो, बऱ्याचदा साडेतीनच्या आतच राहतो. ७४एचसी ला 'हाय' ओळखायला ५ व्होल्ट सप्लायवर साडेतीन लागतात. म्हणजे एलएसच्या जागी एचसी बसवला तर बोर्ड कधी चालतो, कधी स्प्राइटचे (पडद्यावर हलणाऱ्या चित्रांचे) तुकडे उडायला लागतात, आणि तुम्ही शेजारचे चांगले आयसी उपटत बसता. एचसीटी मात्र चालतो, कारण त्याला २ व्होल्ट पुरतात. फक्त त्याच्या आउटपुटवर फार भार असेल तिथं नको, एलएस ८ मिलिअँपिअर ओढतो आणि एचसीटी त्याच्या निम्माच. ७४एफ वेगवान असतो, क्लॉकच्या लांब ट्रॅकवर तो नवी कटकट उभी करतो. एलएसच्या जागी एलएसच घ्यावा, यात फार शहाणपण करू नये.

लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. भुसावळ किंवा जळगावहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी दादर, तिथून पश्चिमेची स्लो लोकल धरून ग्रँट रोड. दुकानं उशिरा उघडतात, पहाटे पोहोचून फायदा नाही. एलएस मालिकेसाठी ही वाट अजूनही पहिल्या नंबरची. गेम बोर्डाला लागणारे नव्वद टक्के नंबर दोन-तीन काउंटर फिरून पूर्ण होतात, भाव सोसवणारा असतो, आणि एकेरी नगही देतात. मात्र यादी तोंडी सांगू नका. कागदावर तीन रकाने करा: पूर्ण नंबर, पायांची संख्या, आणि 'डिप' (बोर्डाच्या भोकात बसणाऱ्या लांब पायांचा आयसी). 'डिप' लिहिलं नाही तर पुडीत खडूच्या कणाएवढे एसएमडी (बोर्डाच्या वरच चिकटणारे) आयसी निघतात, आणि विकलेला माल परत घेण्याची तिथं रीत नाही. पुडी उघडून काउंटरवरच मोजा. एका नंबरच्या दहा नगांत तीन वेगवेगळ्या कंपन्या आणि चार वेगवेगळे डेटकोड (आयसीवर छापलेली बनल्याची तारीख) निघाले तर तो माल काढीव आहे. लॉजिकला काढीव घ्यायची गरजच नाही, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स एसएन७४एलएस मालिका आजही बनवते. नवा द्या म्हणावं.

मेमरीच्या बाबतीत लॅमिंग्टन रोडचं गणित बदलतं. ६२६४ आणि ६२२५६ हे रॅमचे आयसी मिळतात, पण ते बहुतेक काढीव. ६११६ नशिबाने. २११४ जवळपास नाहीच. इथं 'अल्टरनेट' म्हणून जे पुढे केलं जातं त्यात एक सापळा जीवघेणा आहे. जुन्या बोर्डांत ४११६ नावाची डीरॅम असते, तिला +१२, +५ आणि -५ असे तीन सप्लाय लागतात. ४१६४ दिसायला तशीच, १६ पायांचीच, आणि सहज मिळणारी. पण ४११६ च्या ८ नंबरच्या पायावर १२ व्होल्ट येतात आणि ४१६४ चा तोच पाय ५ व्होल्टचा सप्लाय आहे. सरळ खोचली की पहिल्या सेकंदाला गेली. पाय ८, ९ आणि १ ची जोडणी बदलूनच ती बसते. काउंटरवर हे कुणी सांगत नाही.

खुद्द जायला जमत नसेल तर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल येतं, संध्याकाळी दिलं की सकाळी हातात. पॅकिंग मात्र आधी ठरवून घ्या. वाकलेले पाय सरळ करता येतात, पण दुसऱ्यांदा वाकवलं की तुटतात.

ऑनलाइनचे दोन भाग करावेत, कारण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला भाग अधिकृत वितरकांचा, माऊसर, डिजीकी वगैरे. इथला माल कारखान्यातून सरळ आलेला, नकलीचा प्रश्नच नाही. एसएन७४एलएस पूर्ण रांगेत मिळतात. ६२६४ च्या जागी अलायन्स मेमरीचा एएस६सी६२६४ नवाकोरा मिळतो, ५५ नॅनोसेकंदाचा, जुन्या १५० नॅनोसेकंदाच्या जागी डोळे झाकून बसतो. वेगवान चालतो, हळू चालत नाही, हा मेमरीचा नियम. पॅल१६एल८ किंवा १६आर४ हा प्रोग्राम केलेला लॉजिक आयसी गेला असेल तर एटीएफ१६व्ही८बी घेऊन त्यात जेईडी फाइल लिहायची. तोटा शिपिंगचा. चार आयसींसाठी मागवलं तर आयसीपेक्षा भाडं आणि जीएसटी जड होतं. चार-पाच जणांनी मिळून वर्षातून एकदा यादी करावी, तरच हा सौदा बसतो.

झेड८० हा सीपीयू आता या वाटेने येणार नाही. झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवत असल्याचं कळवलं आणि जून २०२४ पर्यंतच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. पॅकमॅनपासून स्ट्रीट फायटर २ च्या साउंडपर्यंत सगळीकडे हाच सीपीयू असल्याने ही बातमी गंभीर वाटते, पण तो इतका बनला आहे की काढीव माल अनेक वर्षं पुरेल. ४ मेगाहर्ट्झचा झेड८०ए असेल तिथं ६ मेगाहर्ट्झचा झेड८४सी०००६ बसवा. ६८००० या दुसऱ्या सीपीयूसाठी एमसी६८एचसी००० चालतो, तोही थंड राहतो.

दुसरा भाग चिनी विक्रेत्यांचा आणि त्यांचाच माल इथं आणून विकणाऱ्यांचा. यामाहाचे वायएम२१५१, वायएम२२०३, वायएम३०१२, ६११६, ६८०००, जुने ईप्रॉम हे सगळं इथूनच येतं, आणि 'नवा' असं लिहून येतं. तो नवा नसतो. जुन्या बोर्डांवरून उतरवलेला, पाय पुन्हा कथील लावून चकचकीत केलेला, आणि कधी कधी डोक्यावर काळा थर देऊन नवा नंबर छापलेला. उतरवलेला असण्याला हरकत नाही, वायएम२१५१ दुसरा कुठून येणार? हरकत नव्या छपाईला आहे. ६ मेगाहर्ट्झच्या झेड८० वर २० छापलेलं असतं, आणि कधी नंबर एकाचा, पोटात दुसराच.

पारख अशी करावी. पार्सल उघडलं की आयसी उजेडात तिरपा धरा. कारखान्याचा माथा आणि बाजू एकाच पोताच्या असतात. माथा गुळगुळीत डांबरासारखा आणि बाजू खरखरीत दिसली, किंवा एकाच दिशेने बारीक ओरखडे दिसले, तर माथा घासून रंगवला आहे. एक नंबरच्या पायाजवळची गोल खळगी बघा. तिचा तळ चकचकीत आणि खोल असायला हवा. रंगवलेल्या आयसीत ती उथळ होते, अर्धी बुजते. मग कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन माथ्यावर दहा-पंधरा वेळा दाबून फिरवा. काडी काळी झाली तर समजा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरत असाल तर त्यात ॲसिटोन आहे का ते बाटलीवर वाचून घ्या, बिनॲसिटोनच्या रिमूव्हरने काहीच निघत नाही आणि नकली माल अस्सल ठरतो. डेटकोडही वाचा. मोटोरोलाने आपला सेमीकंडक्टरचा धंदा २००४ साली फ्रीस्केल म्हणून वेगळा केला. मोटोरोलाचा शिक्का आणि डेटकोड १२०८, म्हणजे २०१२ चा आठवा आठवडा, असा ६८००० हातात आला तर निदान छपाई तरी खोटी आहे.

यानंतर प्रोग्रामर, म्हणजे आयसीत फाइल लिहिणारं आणि आयसी तपासणारं यंत्र. टी४८ सारखा प्रोग्रामर ७४ मालिकेचे आयसी आणि एसरॅम तपासतो, आणि २५ व्होल्टपर्यंत देऊ शकत असल्याने जुने २७१६, २७३२ सुद्धा लिहितो. आधीचा टीएल८६६ २ प्लस तेवढं व्होल्टेज देत नाही, त्यामुळे जुन्या ईप्रॉमवर 'लिहिता येत नाही' असं दाखवून तो चांगला आयसी बाद करतो. मात्र प्रोग्रामरची तपासणी सावकाश होते. तिथं पास झालेला आयसी बोर्डाच्या वेगात नापास होऊ शकतो. नापास ठरला तर नक्की मेला, पास ठरला तर 'बहुतेक बरा', एवढंच मानावं.

ईप्रॉमबद्दल आणखी थोडं, कारण इथं चूक महाग पडते. २७१६ च्या जागी २७३२ बसवता येतो, पण २७१६ चा २१ नंबरचा पाय बोर्डावर ५ व्होल्टला बांधलेला असतो आणि २७३२ मध्ये तोच पाय ए११, म्हणजे वरचा-खालचा अर्धा ठरवणारी पत्त्याची लाइन, आहे. म्हणून फाइल वरच्या अर्ध्यात लिहायची, किंवा सरळ दोन्ही अर्ध्यांत तीच फाइल दोनदा. खालच्या अर्ध्यात लिहून बसवला तर बोर्डाला सगळीकडे एफएफ (म्हणजे रिकामी जागा) वाचायला मिळतं आणि दोष सीपीयूवर जातो. लिहायच्या व्होल्टेजचीही गल्लत होते: २७३२ ला २५, २७३२ए ला २१. एका अक्षराने आयसी जळतो. ज्यांच्याकडे ईप्रॉम पुसायचा यूव्ही दिवा नाही त्यांनी २७सी५१२ च्या जागी विनबॉन्डचा डब्ल्यू२७सी५१२ घ्यावा, तो विजेवरच पुसतो. खिडकीवाला ईप्रॉम लिहिला की खिडकीवर काळी टेप किंवा अपारदर्शक स्टिकर लावायचा.

रंगांचे छोटे बायपोलर प्रॉम, म्हणजे पॅकमॅनमधले ८२एस१२३ आणि ८२एस१२६, ते मात्र टी४८ लिहू शकत नाही. त्यांना त्यांचाच प्रोग्रामर लागतो आणि एकदा लिहिलं की पुसता येत नाही. रिकामे मिळाले तर ७४एस२८८ आणि ७४एस३८७ या नावांनीही शोधावेत, काम तेच.

आता भंगार. खान्देशातली सगळ्यात दुर्लक्षित आणि भावाच्या हिशेबाने सगळ्यात चांगली वाट हीच. बँका, जिनिंग, डाळमिल, साखर कारखाने, एसटीडी बूथ यांच्याकडचं नव्वदच्या दशकातलं इलेक्ट्रॉनिक्स किलोवर जातं, आणि भंगारवाल्याला त्यातल्या तांब्याशी मतलब असतो. शोधायचं काय? डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या मेन बोर्डावर बहुधा एक ईप्रॉम आणि एक ६२६४ किंवा ६२२५६ असतो. एसटीडी बूथच्या बिलिंग मशीनमध्ये आणि जुन्या ईपीएबीएक्समध्ये (ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये) ईप्रॉम, रॅम आणि ७४ मालिकेचे ढीग असतात. जुन्या २८६-३८६ मदरबोर्डांवर २४४, २४५, ३७३ रांगेने बसलेले दिसतात. आणि घरगुती टीव्ही गेम: कॅसेटवाल्या सगळ्यात जुन्या मॉडेलात सुटे आयसी असतात आणि त्यात २ किलोबाइटच्या दोन एसरॅम, म्हणजे दोन ६११६. नंतरच्या मॉडेलात काळ्या डांबराचा एकच ठिपका असतो, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

या मालाची जमेची बाजू अशी की तो जसा बसवला होता तसाच आहे. त्यावर कुणी रंग दिलेला नाही, डेटकोड खरा आहे. उतरवताना सावकाश. हीट गनने सगळा बोर्ड तापवून आपटून आयसी पाडणारे पुष्कळ आहेत, पण त्यात पाय वाकतात आणि आयसी उगाच भाजतो. प्रत्येक पायावर आधी थोडं ताजं ६०/४० कथील लावा, मग पंपाने ओढा. ताजं कथील जुन्याला वितळवतं, नुसता पंप मारला तर भोकात अर्धं राहतं. ग्राउंडचा पाय सगळ्यात शेवटी, कारण तिथं उष्णता तांब्यात पळते. गेम बोर्डावरचा मेलेला आयसी काढताना याच्या उलट: आयसी वाचवायचा नाही, ट्रॅक वाचवायचा आहे. पाय शरीरालगत कटरने कापा, धड फेका, आणि एकेक पाय चिमट्याने धरून गरम करून उचला. भोकातलं तांबं शाबूत राहतं.

काय उतरवू नये हेही सांगायला हवं. एमबी७४एलएस असा छाप असलेले फुजित्सूचे टीटीएल भंगारात बरेच दिसतात. घेऊ नका. त्यांचे आउटपुट वयाप्रमाणे आतून तुटून तरंगत राहतात, लॉजिक प्रोबवर ना लाल ना हिरवा. गेम बोर्डावर फुजित्सूचे आयसी दिसले तर दोष शोधताना सुरुवातच त्यांच्यापासून करा, आणि ते काढून त्यांच्या जागी दुसरे काढीव फुजित्सू बसवण्याचा आत्मघात टाळा. संशय आलेल्या आयसीवर तसाच चांगला आयसी पायाला पाय लावून बसवून बघता येतं. आउटपुट तुटलेला असेल तर चित्र लगेच सुधारतं. शॉर्ट असेल तर सुधारत नाही, म्हणून चित्र तसंच राहिलं तरी खालचा आयसी सुटला असं समजू नये.

राहिला खास आयसींचा प्रश्न. कॅपकॉमचे सीपीएस-ए, सीपीएस-बी, नामकोचे नंबरवाले, कोनामीचे, यातलं काही कुठल्याही काउंटरवर नाही. 'मुस्तफा' म्हणून गल्लोगल्ली खेळला गेलेला १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स मूळ बोर्डावर असेल तर त्यात बॅटरीवर जगणारा काबुकी नावाचा सीपीयू आहे. बॅटरी संपली की त्यातली चावी (कुलूपबंद प्रोग्राम उलगडणारा आकडा) पुसली जाते आणि तसाच साधा झेड८० बसवून काही होत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक बोर्ड नकली, म्हणजे बूटलेग, आणि इथं ते सोयीचंच ठरतं. त्यात ७४एलएस, ईप्रॉम, ६८००० अशा बाजारात मिळणाऱ्या आयसींचा भरणा असतो आणि मेले की बदलता येतात. त्यातल्या एखाद-दुसऱ्या मोठ्या चौकोनी, आधीच प्रोग्राम केलेल्या आयसीला मात्र हात लावू नका. रिकामा मिळाला तरी आतला मजकूर कुणाकडे नसतो.

साउंडचे वायएम२१४९ आणि एवाय-३-८९१० एकमेकांच्या जागी बसतात, आवाजाच्या पातळीत किंचित फरक पडतो, कानाला कळला तर व्हॉल्यूमच्या पॉटने जुळवून घ्या. साउंडचाच ओकेआय एम६२९५ एसएमडी आहे, ४४ पायांचा. तो उतरवणं गोलाणीतला मोबाईलवाला मुलगा हॉट एअरवर पाच मिनिटांत करून देतो, आणि या एका कामात त्याच्यापेक्षा चांगली सेवा लॅमिंग्टन रोडलाही नाही. फक्त शेजारचे प्लास्टिकचे कनेक्टर कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) झाकून द्या आणि तापमान ३५० च्या वर नेऊ नको म्हणून आधीच सांगा, त्याच्या हाताला मोबाईलच्या पातळ बोर्डाची सवय असते.